मामींची झोप आणि चाळीस ठोके

माझ्या सासूबाईंना प्रवासात गाढ झोप लागली होती, एवढ्या एकाच कारणावरून मी एकदा अख्खी एसटी दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

एसटी नांदेड-लातूर होती आणि खचाखच भरलेली होती. सासूबाई ठणठणीत होत्या. आजही आहेत. त्या दिवशी त्या गाडीत ठणठणीत नसलेला माणूस एकच होता, आणि तो कोण हे कळायला आम्हाला अहमदपूरपर्यंत जावं लागलं.

आधी सासूबाईंची ओळख करून देतो. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात, म्हणून मीही मामीच म्हणतो. मामी औशाजवळच्या एका खेड्यातल्या. वय सत्तावन्न. आणि मामी पळतात. म्हणजे घरातून नाही (तशी वेळ आमच्या मामांनी कधी आणली नाही), रस्त्यानं पळतात. रोज पहाटे, सात-आठ किलोमीटर, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून आणि पायात पोरीचे जुने बूट घालून.

याला कारण झाली माझी धाकटी मेहुणी, मनीषा. अकरा वर्षांपूर्वी तिनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली. भरती म्हणजे पळणं आलं, पळणं म्हणजे पहाटेचा रिकामा रस्ता आला. मामांनी सांगून टाकलं, "एकटी पोर अंधारात रस्त्यानं पळणार न्हाई."

"मंग मी पळते तिच्यासंगं," मामी चुलीपुढूनच म्हणाल्या.

मामांना वाटलं, चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी मामी पोरीच्या मागं शेताच्या बांधापर्यंत पळाल्या आणि तिथंच खाली बसल्या. पंधरा दिवसांनी ओढ्यापर्यंत गेल्या. सहा महिन्यांनी मनीषा मागं आणि मामी पुढं! वर्षभरात मनीषा भरती झाली. आज ती परभणीला नोकरीला आहे आणि (घरातली गोष्ट आहे, बाहेर सांगू नका) आता फक्त बस सुटायला लागली तरच पळते. मामींचं पळणं मात्र थांबलं नाही. "पोरगी लागली नोकरीला, पण पाय ऐकंनात," एवढंच त्या सांगतात.

आता माझी ओळख. मी नांदेडला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझा व्यायाम म्हणजे फळा पुसणे, तोही वरचा अर्धा. खालचा पुसायला वाकावं लागतं.

मागच्या जानेवारीत मामी चार दिवस आमच्याकडं आल्या होत्या. हुरडा आणला, तुरीच्या शेंगा आणल्या, आणि चारही दिवस पहाटे गोदावरीच्या बाजूनं पळून, दूध घेऊन, मी उठायच्या आत परत आल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या तेव्हा माझी बायको संगीता मला म्हणाली, "आईला सोडून या औशाला. अन् ती चार दिवस राबली, तिला काहीतरी द्या की जाताना!"

मी इकडं तिकडं बघितलं. माझ्याकडं ते मनगटावरचं हुशार घड्याळ होतं. दिवसाला दहा हजार पावलं चालायचं म्हणून मोठ्या उत्साहानं घेतलेलं. पण ते संध्याकाळ झाली की माझी पावलं दाखवून मला नुसतं लाजवायचं. ते मी संगीताकरवी मामींच्या हातात बांधलं. "मामी, हे तुमच्यासाठी. पळताना उपयोगी पडेल."

"कशाला ओ जावई, एवढं भारी!" मामी म्हणाल्या. पण जावयानं दिलेलं नाही म्हणू नये, म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं. मामींचा फोन बटणांचा. त्यामुळं घड्याळ मामींच्या हातात आणि त्याच्या सगळ्या बातम्या माझ्या फोनवर, अशी व्यवस्था तशीच राहिली. ही सगळ्या घोटाळ्याची सुरुवात.

गाडीत गर्दी होती. मामींना बायकांच्या बाकावर खिडकीशी जागा मिळाली. त्यांच्या शेजारी नांदेडच्याच एक खाला बसल्या होत्या. बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं, लेकीकडं लातूरला निघालेल्या. मी मधली वाट सोडून पलीकडच्या बाकावर. मामींनी गार वारा लागू नये म्हणून कानाला स्कार्फ घट्ट बांधला, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी नांदेडच्या बाहेर पडायच्या आत झोपल्या. मामींची झोप म्हणजे दिव्याचं बटण. दाबलं की बंद.

सोनखेड मागं पडलं आणि माझ्या खिशात फोन थरथरला. बघितलं तर पडद्यावर लाल अक्षरात सूचना: हृदयाचे ठोके कमी. मिनिटाला शेहेचाळीस.

मी गेली एकोणीस वर्षं वर्गात सांगत आलोय की निरोगी माणसाचे ठोके मिनिटाला बहात्तर पडतात. पोरांकडून घोकून घेतलंय. परीक्षेत एका मार्काला विचारलंय. 'साठ' लिहिणाऱ्याचा मार्क कापलाय! आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत माझी सासू सव्वीस ठोक्यांनी नापास होत होती.

मी संगीताला फोन लावला. ती नेमकी पिठाच्या गिरणीत होती.

"अगं, मामींचे ठोके शेहेचाळीस झालेत!"

"कशाचे पोते?"

"पोते नाही, ठोके! हृदयाचे! मामी झोपल्यात आणि ठोके कमी झालेत!"

"आई झोपली म्हणून फोन केला का तुम्ही? झोपू द्या की मंग!"

"अगं, पण शेहेचाळीस म्हणजे..."

"एवढं वाटतंय तर हलवून उठवा तिला!"

"मी? मामींना?"

हे जरा समजून घ्या. बारा वर्षांच्या संसारात मी मामींच्या पाया पडण्यापलीकडं कधी त्यांना हात लावलेला नाही. आमच्याकडं जावई-सासू एकमेकांचा इतका मान ठेवतात की ताटात भाकरी वाढतानासुद्धा मामी तोंड दुसरीकडं करतात. त्यांना भर बसमध्ये खांद्याला धरून गदागदा हलवायचं? ते मी संगीताला सांगितलं.

"मंग पाया पडा!" गिरणीच्या वर आवाज काढून ती ओरडली. "पायाला हात लागला की जागी होती ती!" आणि फोन ठेवला.

मला ते पटलं. मी उठलो, मधल्या वाटेत आलो, आणि खालांच्या पिशवीवरून वाकून मामींच्या पायांना हात लावला. त्याच वेळी ड्रायव्हरनं खड्डा चुकवला. माझं डोकं समोरच्या बाकाच्या दांडीवर आदळलं, चष्मा खालांच्या मांडीत पडला, आणि मामी पाय अंगाशी ओढून घेत झोपेतच पुटपुटल्या, "औक्षवंत व्हा!"

आणि पुन्हा शांत.

शहाण्या माणसाला यावरून कळलं असतं की बाई सुखरूप आहे. मला उलटंच कळलं. जाणारं माणूस जाताना आशीर्वाद देतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं.

"काय झालं बेटा?" खालांनी चष्मा परत देत विचारलं. मी त्यांना फोन दाखवला. आता आकडा चव्वेचाळीस होता. खालांनी मामींचं मनगट हळूच धरलं आणि डोळे मिटले. "नब्ज चालू हाय," त्या म्हणाल्या. "पन लई आरामात चालू हाय."

"खाला, जरा उठवता का त्यांना?"

खालांनी हात पुढं केला, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "खबरदार! उठवू नका!"

मागं एक फेटेवाले अण्णा बसले होते. सत्तरीचे असतील. ते उभे राहिले, वरची दांडी धरली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हार्टवाल्याला झोपेतून दचकून उठवायचं नसतं! माझ्या सख्ख्या साडूला असंच उठवलं. उठला, अन् गेला!"

खालांनी हात मागं घेतला. कंडक्टर ताई तिकिटाचं मशीन सांभाळत धावत आल्या. "कोण गेलं? कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाई," अण्णा म्हणाले.

मी ताईंना फोन दाखवला. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक माणूस मागं वळला आणि त्यानं माझा घात केला. "सर! तुम्ही आमच्या पप्पूला सायन्स शिकवता ना?" मग गाडीकडं तोंड करून, "सर सायन्सचे हायत!"

झालं! सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. "सर, तुम्ही सांगा. किती असायला पाहिजे ठोके?"

"बहात्तर," मी म्हणालो. दुसरं मला येतच नव्हतं.

"अन् किती हायत?"

"त्रेचाळीस."

"अरे बापरे! मंग तुम्हाला काय वाटतं, सर?"

मला काय वाटतं हे मला माहीत नव्हतं. पण पप्पूच्या बापापुढं तसं सांगणार कसं? मी चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, "लक्षण चांगलं नाही."

या तीन शब्दांनी काय काय घडवलं ते ऐका. कंडक्टर ताईंनी घंटी न वाजवता चालत जाऊन ड्रायव्हरच्या कानात सांगितलं. ड्रायव्हरनं मान डोलावली आणि गाडी अशी चालवायला घेतली की जणू तान्ह्या पोराचा पाळणा. खड्डा दिसला की वेग कमी करायचा, मग एक चाक घालायचं, मग दुसरं. हॉर्न बंद. खालांनी आपली शाल घडी करून मामींच्या मानेखाली सरकवली. कुणीतरी धूळ येते म्हणून खिडकी लोटून घेतली. शेवटच्या बाकावर एक पोरगा फोनवर गाणी लावून बसला होता, त्याला चौघांनी दटावलं. एक बाळ रडत होतं, त्याला आईनं पदराखाली घेतलं. इतकी माणसं, आणि गाडीत टाचणी पडली तर ऐकू यावी.

आता तुम्हीच सांगा. मानेखाली मऊ शाल, हलका झोका, वारा नाही, आवाज नाही. अशात कुठल्या माणसाची झोप अजून गाढ होणार नाही? पण हे माझ्या डोक्यात येईल तर मी विज्ञानाचा शिक्षक कसला!

"किती झाले, सर?" पुढून कुजबुज आली.

"बेचाळीस."

"बेचाळीस... बेचाळीस..." बातमी मागच्या बाकापर्यंत गेली. आडतीवर सोयाबीनचा भाव विचारावा तसा दर दोन मिनिटाला एकेक जण मान वर करून विचारायचा. भाव पडतच होता. जसा भाव पडेल तशी माणसं अजून जपायला लागली, आणि जशी जपायला लागली तसा भाव अजून पडला!

एक्केचाळीसवर मात्र माझ्या डोळ्यांना पाणी आलं. थट्टा नाही, खरंच आलं.

आमची चिमी जन्मली तेव्हा संगीताची तब्येत फार बिघडली होती. मी घाबरून दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. मामी गावाहून आल्या, आत जाऊन लेकीला बघून आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. धीर द्या, देवाचं नाव घ्या, असलं काही बोलल्या नाहीत. गाठोडं सोडलं, भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "खावा. बाप होणारानं उपाशी ऱ्हाऊ न्हाई." तोंड दुसरीकडं करून बसल्या होत्या, मी खावं म्हणून. मी ती भाकरी रडत रडत खाल्ली होती.

ती बाई आता माझ्यापासून दोन हातांवर एकेक ठोक्यानं कमी होत चालली होती, आणि मी तिला नीट हाकसुद्धा मारू शकत नव्हतो. संगीताला काय सांगू? मनीषाला काय सांगू? मामांना कुठल्या तोंडानं सांगू, की तुमची बायको माझ्याबरोबर निघाली तेव्हा ठीक होती?

"चाळीस!" मी जवळजवळ ओरडलोच.

कंडक्टर ताईंनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "गाडी दवाखान्यात घ्या!"

अहमदपूर आलंच होतं. गाडी बसस्टँडकडं न वळता एका खासगी दवाखान्याच्या फाटकाशी गेली. फाटक बारीक, एसटी मोठी. निम्मी गाडी आत आणि निम्मी रस्त्यावर, अशी ती अडकून उभी राहिली. पप्पूच्या बापानं आधीच खाली उडी मारली होती. आतून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पळत आली. अण्णा दारात उभे राहून हात हलवत होते, "दमानं! दमानं! दचकवू नका!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

एसटीत झोपणारा माणूस कशानं जागा होतो हे तुम्हाला माहीत आहेच. आवाजानं नाही, धक्क्यानं नाही. गाडी थांबली की होतो. मामींनी डोळे उघडले, पिशवी सावरली आणि म्हणाल्या, "लातूर आलं?"

सगळी गाडी त्यांच्याकडं बघत होती. मामींनी खिडकीतून बाहेर बघितलं. दवाखाना. खाली बघितलं. स्ट्रेचर. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घामानं निथळत होतो, कपाळावर दांडीचं टेंगूळ होतं, डोळे लाल होते आणि दोन्ही हातांनी फोन छातीशी धरला होता.

"अगं बया!" मामी किंचाळल्या. "जावयाला काय झालं?"

"मला नाही मामी, तुम्हाला..."

पण कानाला स्कार्फ! मामींना काही ऐकू गेलं नाही. त्या खालांना ओलांडून एका ढांगेत माझ्यापाशी आल्या. मामी जाग्या झाल्या, बोलल्या, उभ्या राहिल्या, हे बघून माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू! मी मधल्या वाटेत मटकन खाली बसलो.

त्यानंतर मामींनी मान-मर्यादा बाजूला ठेवली. सासूनं जावयाला काखेत हात घालून उचललं, गाडीच्या पायऱ्या उतरवलं आणि स्ट्रेचरवर आडवं केलं! अकरा वर्षं पळून काय कमावलं ते मला तेव्हा समजलं. (मी ब्याऐंशी किलोचा आहे.) "मामी, मी ठीक आहे, पेशंट तुम्ही आहात," असं मी स्ट्रेचरवरून सांगत होतो. "बडबडायला लागले," मामी त्या माणसांना म्हणाल्या, "लवकर घ्या आत!"

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी नाडी धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "एकशे सव्वीस! काय होतंय तुम्हाला?"

"मला काही नाही हो. यांचे ठोके चाळीस झालेत!"

डॉक्टरीणबाईंनी मामींकडं बघितलं. मामी माझ्या पायाचे तळवे चोळत होत्या. दारात खाला, अण्णा, पप्पूचा बाप आणि कंडक्टर ताई एकावर एक माना काढून उभे होते.

मग सगळं सांगून झालं. स्कार्फ सोडला गेला. घड्याळ, फोन, शेहेचाळीसपासून चाळीसपर्यंतचा सगळा प्रवास. डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि मामींना खुर्चीवर बसवून विचारपूस केली. चक्कर येते का? डोळ्यापुढं अंधारी? कधी शुद्ध हरपून पडलात? धाप लागते? कुठली गोळी चालू आहे? मामी प्रत्येक प्रश्नाला "न्हाई, बाई" म्हणत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "पळताना चढ लागला तर लागती थोडी धाप."

"पळताना? तुम्ही पळता?"

"हाव. रोज. पहाटं."

"किती वर्षं झाली?"

"पोरीच्या भरतीपासनं. अकरा झाली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं वळल्या. "हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही?"

खरं होतं. मी बसमध्ये आकडा सांगितला, बहात्तर सांगितले, लक्षण चांगलं नाही हेही सांगितलं. मामी रोज आठ किलोमीटर पळतात एवढं सांगायचं तेवढं राहिलं.

तरी त्यांनी मामींचा ईसीजी काढला. चांगला आला. मग त्यांनी समजावून सांगितलं की वर्षानुवर्षं पळणाऱ्या माणसाचं हृदय ताकदवान होतं. एका ठोक्यात ते जास्त रक्त पुढं ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. त्यात गाढ झोप लागली की अजून कमी होतात. पळणाऱ्या माणसाचे झोपेत चाळीसच्या आसपास गेले आणि बाकी काही त्रास नसला तर त्यात भिण्यासारखं नाही. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर मात्र लगेच दाखवायचं.

मामी लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हंजे आमच्या विहिरीवरल्या मोटारीसारखं म्हणा की," त्या म्हणाल्या. "मोठी मोटार गुमान चालती अन् पाट भरून पाणी देती. बारकी नुसती बोंबलती."

"अगदी बरोबर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि दोघी मिळून माझ्याकडं बघायला लागल्या.

अर्धा तास मला आडवं ठेवून त्यांनी पुन्हा नाडी बघितली. अठ्ठ्याण्णव. "सर, हे काही घाबरल्याचं नाही आता. हे तुमचं नेहमीचं दिसतंय. रक्तदाबही वाढलेला आहे. काळजी घ्यायची तर तुमची घ्यावी लागेल. चालायला लागा, मग हळूहळू पळा."

बाहेर आलो तर गाडी थांबली होती! कंडक्टर ताईंनी वर फोन करून सांगून टाकलं होतं की पेशंट आहे. शिवाय फाटकातून गाडी मागं काढायलाही तेवढा वेळ लागलाच होता. मामी उतरल्या तशा तडतड चढल्या. मला दोघांनी धरून चढवलं. मी खिडकीशी, खालांची शाल आता माझ्या मानेखाली, आणि ड्रायव्हरनं पुन्हा गाडी पाळण्यासारखी चालवायला घेतली. आता माझ्यासाठी!

"न उठवल्याचा गुण आला बघा," अण्णा समाधानानं म्हणाले.

मला राहवेना. "अण्णा, तुमचे साडू नेमके कशानं वारले?"

"वारले?" अण्णा दचकले. "वारले कुठं? चांगले हायत की हदगावला. झोपमोड केली म्हणून उठले अन् रागानं निघून गेले. आजवर बोलत न्हाईत माझ्यासंगं."

लातूरला मामा जीप घेऊन हजर होते. संगीताला गिरणीतून घरी आल्यावर काळजी वाटली, तिनं मला फोन केला, मी आत आडवा असल्यामुळं तो पप्पूच्या बापानं घेतला, आणि त्यानं सांगितलं, "सरांना ॲडमिट केलंय, पण सासूबाई खंबीर हायत." घरी पोचेस्तोवर हीच बातमी गावभर झाली होती. दारात माणसं बसली होती. शहाळी आली होती. "लेकीच्या कुंकवाचा धनी उचलून नेला हो बाईनं!" म्हणून बाया मामींच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. मी खरं काय ते सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मामा म्हणाले, "बोलू नका, जावई. ताण घेऊ नका." मग मी शहाळं प्यालो.

रात्री जेवताना मात्र सासुरवाडीचं कोंबडं माझ्या ताटात आलंच नाही. माझ्यापुढं बिनमिठाचं वरण आलं. मामींनी तोंड दुसरीकडं करूनच वाढलं, आणि म्हणाल्या, "सकाळी साडेपाचला उठवते. यायचं माझ्यासंगं. बाईनं सांगितलंय."

उठवलं. मामांचे बूट मला ढगळ होत होते, त्यात कापूस कोंबला. गावाबाहेरच्या रस्त्यावर गार वारा होता, तुरीच्या पिकाचा वास होता, लांबून भरतीच्या पोरी पळत येत होत्या. मामींनी पदर खोचला. मी देवाचं नाव घेतलं आणि सुटलो. जीव खाऊन सुटलो म्हटलं तरी चालेल. हात हलत होते, पोट हलत होतं, बुटातला कापूस बाहेर येत होता, कानात वारं भरत होतं. मामी माझ्या बरोबरीनं होत्या! मला कौतुकच वाटलं माझं. पहिल्याच दिवशी मी मामींना पुढं जाऊ दिलं नव्हतं.

वडाचं झाड आलं तशा मामी थांबल्या. माझा दम खाली बसू दिला, पदर पुन्हा घट्ट केला आणि मायेनं म्हणाल्या, "बरं चाललात की, जावई. आता जरा पळून बघायचं का?"

मी गावापासून तिथपर्यंत पळतच आलो होतो.